पोलीस दलात अर्काइव्हचं काम घेताय? आधी गोपनीयतेचा शिक्का उतरवायची ऑर्डर बघा

हे लिहितोय ते केंद्रीय पोलीस दलात रेकॉर्ड ऑफिसर किंवा अर्काइव्हिस्ट म्हणून नुकतेच आलेत त्यांच्यासाठी, आणि जे राष्ट्रीय अभिलेखागाराचा डिप्लोमा करून आता कुठं अर्ज करावा असा विचार करतायत त्यांच्यासाठीही. फाईल म्हणजे काय, रिटेन्शन शेड्यूल (कुठली फाईल किती वर्षं ठेवायची त्याचा तक्ता) म्हणजे काय, ए-बी-सी कॅटेगरी कशी लावतात हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मी पुण्यात इतिहासात एमए केलं, पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बघत शिकलो, मग दिल्लीला डिप्लोमा, आणि मग एका दलाच्या मुख्यालयात. दलाचं नाव लिहीत नाही, जे लिहितोय ते बहुतेक सगळीकडे असंच आहे.

आधी कडू सांगतो. दलात अर्काइव्ह कुणाच्याच करिअरच्या वाटेवर नाही. तुमचे साहेब, म्हणजे ज्यांच्या सहीवर तुमचं सगळं काम चालणार ते डीआयजी (उपमहानिरीक्षक) किंवा कमांडंट दर्जाचे अधिकारी, दोन-तीन वर्षांनी बदलून जाणार, त्यांचं लक्ष ऑपरेशन, प्रमोशन, वेल्फेअर यात असणार, आणि ते चूकही नाही, त्यांचे जवान कुठं कुठं उभे आहेत ते बघा. तुम्हाला जागा मागून मिळणार नाही, बजेट वर्षाच्या शेवटी उरलेलं मिळणार. हे पचत नसेल तर दुसरीकडे जा, खरंच. पण पचत असेल तर इतकं भरलेलं काम दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळेल असं मला वाटत नाही.

कायदा थोडक्यात. पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्ट 1993 आणि त्याचे 1997 चे नियम, हे दोन्ही टेबलावर ठेवा, पीडीएफ नको, छापून. कलम 6 मध्ये तुमची सगळी कामं लिहिलीत: रेकॉर्ड नीट लावणं, निरुपयोगी ते काढणं, 25 वर्षांपेक्षा जुन्या फायलींचं राष्ट्रीय अभिलेखागाराबरोबर बसून मूल्यमापन करणं, दरवर्षीचा इंडेक्स, दलाचा संघटनात्मक इतिहास, वार्षिक अहवाल. कलम 8 म्हणतं की ठरलेल्या पद्धतीशिवाय काही नष्ट करायचं नाही आणि 1892 च्या आधीचं तर जवळपास हातच लावायचा नाही. कलम 9 मध्ये शिक्षा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम साहेबांना एकदाच दाखवायचं, शांतपणे, ‘बोर्ड (अधिकाऱ्यांची समिती) बसवून जुनं रेकॉर्ड जाळून टाकू’ असा प्रस्ताव येईल तेव्हा. तो येतोच, रंगरंगोटीच्या आधी किंवा इन्स्पेक्शनच्या आधी.

अजून एक, लोक म्हणतील ‘आपल्याला आरटीआय लागू नाही, मग हे कशाला’. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 आणि दुसऱ्या परिशिष्टामुळे सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी वगैरे दलांना सूट आहे, तीही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या तक्रारी सोडून. पण ती सूट आरटीआयपुरती. पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्टमधून त्यांना कुणी बाहेर काढलेलं नाही. हे दोन कायदे डोक्यात वेगळे ठेवा.

आता मुख्य गोष्ट, जिच्यात मी अडकलो आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्टचं कलम 10. एकच ओळ आहे त्यात, की सुरक्षेचा शिक्का असलेलं कुठलंही रेकॉर्ड राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाणार नाही. वाचताना वाटतं बरोबरच आहे. पण पोलीस दलात शिक्का कशावर नसतो? टॉप सीक्रेट, सीक्रेट, कॉन्फिडेन्शियल, रिस्ट्रिक्टेड. 1962 मध्ये अमुक बटालियन तमुक ठिकाणी हलवली, सीक्रेट. त्या हालचालीसाठी रेल्वेचे डबे मागवले, सीक्रेट. डबे उशिरा आले म्हणून खुलासा मागवला, तोही सीक्रेट. त्या दिवशी ते बरोबरच होतं, पण आज तो नुसता इतिहास आहे, आणि शिक्का मात्र तसाच. म्हणजे नोंद जितकी महत्त्वाची तितका शिक्का पक्का आणि तितकी ती अभिलेखागारात जायची शक्यता कमी. बिनशिक्क्याचं काय जातं तर स्टेशनरीचे इंडेंट, म्हणजे मागणीपत्रं. पन्नास वर्षांनी कुणी संशोधक आला तर त्याला या दलाने किती गोंद विकत घेतला ते कळेल आणि दल कुठं लढलं ते कळणार नाही.

यावर उपाय कायद्यातच आहे, डाऊनग्रेडिंग, म्हणजे शिक्का उतरवणं. नियम असा की दलाने ऑफिस ऑर्डर काढून एका अधिकाऱ्याला, अवर सचिव दर्जापेक्षा खालचा नको, शिक्का उतरवायचा अधिकार द्यायचा आणि त्या अधिकाऱ्याने दर पाच वर्षांनी शिक्केवाल्या फायली तपासायच्या. सरळ वाटतंय ना? इथेच सापळा आहे. आमच्याकडे ती ऑर्डर होती, माझ्या येण्याच्या कितीतरी आधीची, सगळ्यांना वाटायचं की आहे म्हणजे चालू आहे. पण ती नावाने काढलेली होती. श्री अमुक-तमुक, डीआयजी, यांना अधिकार देण्यात येत आहे, अशी. ते साहेब बदलून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, तिसरे आले, प्रत्येकाने आधीच्यांनी सह्या केल्या म्हणून सह्या केल्या, आणि एक दिवस अभिलेखागाराकडे पाठवायच्या आमच्या फायलींच्या यादीवर प्रश्न आला की या फायलींचा शिक्का ज्यांनी उतरवलाय त्यांच्या नावाची ऑर्डर दाखवा. नव्हतीच. पहिले साहेब गेले त्या तारखेनंतरचं सगळं डाऊनग्रेडिंग बाद, बस्ते (फायलींचे बांधलेले गठ्ठे) परत रॅकवर, आणि तेव्हाचे साहेब म्हणाले माझ्या नावाची ऑर्डर नाही तर मी नवीन सही का करू, आणि नवीन ऑर्डरची फाईल वर गेली ती कायदा शाखेत अडकली. आमच्या टीमने गोळा करून, पानं मोजून, याद्या टाईप करून ठेवलेलं काम होतं ते. त्या दिवसांचा राग माझा अजून गेलेला नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो. रुजू झाल्यावर पहिली फाईल मागवा ती या ऑर्डरची. ती नावाने असेल तर पदनामाने करून घ्या, ‘उपमहानिरीक्षक (प्रशासन) या पदावर त्या त्या वेळी असलेले अधिकारी’ असं स्पष्ट लिहून, आणि पुढे ‘त्यांच्या अनुपस्थितीत’ म्हणून दुसरं पदनामही. तारीख बघा. सही करणाऱ्याला ती काढायचा अधिकार होता का ते बघा. ऑर्डरची प्रत राष्ट्रीय अभिलेखागाराला पाठवा आणि पोचपावती फाईलला लावा. हे होईपर्यंत एकाही बस्त्याची दोरी सोडू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

आणि याच सापळ्याची दुसरी बाजू म्हणजे परके कागद. फाईल आपली, पण आत चार कागद दुसऱ्या एजन्सीचे, एखादं गृह मंत्रालयाचं, एखादं राज्याच्या स्पेशल ब्रँचचं. त्यांचा शिक्का तुम्ही उतरवू शकत नाही, ज्याने कागद काढला त्यालाच विचारायचं. आणि ते चार कागद अडले की अख्खी फाईल अडते. यावर मला जमलेला एकच मार्ग आहे: पानावार यादी करा, परके कागद कुठल्या पानावर, कुणाचे, तारीख, पत्र क्रमांक, आणि एकेका फाईलसाठी पत्र न लिहिता त्या एजन्सीच्या सगळ्या कागदांची एकच यादी करून पाठवा. एका कागदासाठी आलेलं पत्र कुणी उघडत नाही, अडीचशे कागदांची यादी आली की कुणीतरी दखल घेतो. परवानगी आली की जुना शिक्का खोडायचा तो एका सरळ रेषेने, बाजूला ऑर्डर क्रमांक, तारीख, सही. व्हाइटनर लावणारे बघितलेत मी, कृपा करून लावू नका, तो शिक्का कधी होता आणि कधी उतरला हीसुद्धा नोंद आहे.

घाबरलात का? घाबरू नका. हे एकदा बसलं की पुढचं काम नुसतं चिकाटीचं आहे.

वीडिंग, म्हणजे निरुपयोगी फायली काढून टाकणं, त्याबद्दल. कुठली फाईल फालतू आहे हे ठरवताना माझ्या डोक्यात कायम ग्वाटेमालाचं उदाहरण असतं. 2005 च्या जुलैमध्ये ग्वाटेमाला सिटीत मानवाधिकार कार्यालयाचे लोक पोलिसांच्या आवारात स्फोटकांचा साठा तपासायला गेले आणि त्यांना तिथं जुन्या नॅशनल पोलिसांचं अख्खं दप्तर सापडलं, 1882 पासून ते दल 1997 मध्ये बंद होईपर्यंतचं, जवळपास आठ कोटी पानं, ओलीत आणि उंदरांत पडलेली. त्यांनी सगळ्यात आधी शहाणपण काय केलं तर कागद विषयवार वेगळे केले नाहीत, पोलिसांची जी रचना होती, कुठल्या शाखेचा कागद, तीच रचना धरून वर्णन केलं. त्याच कागदांवरून 1984 मध्ये बेपत्ता झालेल्या एदगार फर्नांदो गार्सिया या विद्यार्थी आणि कामगार नेत्याच्या खटल्यात 2010 साली दोन माजी पोलिसांना 40-40 वर्षांची शिक्षा झाली. आणि पुराव्यात काय होतं? त्या दिवशीच्या, त्या भागातल्या कारवाईसाठी पदकांची शिफारस करणारे कागद. पदकांची शिफारस! आपल्याकडे कुठलाही बोर्ड ती पहिल्या ढिगात टाकेल. त्यामुळे ‘ही तर नुसती रूटीन फाईल’ असं कुणी म्हणालं की थांबा, आणि नष्ट करायच्या फायलींची यादी, विषयासकट, कायमची जपा.

स्कॅनिंगवर माझं मत तिखट आहे, आवडणार नाही काहींना. पानामागे रेट ठरवून टेंडर काढायचं आणि व्हेंडरला खोली उघडून द्यायची, याला मी डिजिटायझेशन म्हणत नाही. पानाला पैसे मिळतात म्हटल्यावर तो टाचण्या उपटणार, नोटशीट (फाईलवरच्या टिपणांची पानं) आणि पत्रव्यवहार वेगळे करणार, मागची बाजू कोरी दिसली की सोडणार, आणि पेन्सिलने मागे लिहिलेला शेरा गेला. आधी यादी, मग इंडेक्स, मग स्कॅन. जुनी रजिस्टरं सगळ्यात आधी स्कॅन करा, कारण आवक रजिस्टर आणि फाईल रजिस्टर गेलं तर लाख फायली असून उपयोग नाही. मूळ कागद ‘आता स्कॅन झालंय ना’ म्हणून टाकायचा नाही. सेलोटेप नाही, गरम लॅमिनेशन तर अजिबात नाही. प्लास्टिकच्या कव्हरांपेक्षा सुती कापड बरं, पुण्याच्या दप्तरातला कागद रुमालातच राहिलाय.

शिकायचं कुणाकडून? कन्सल्टंट नंतर. आधी रिटायर झालेले हेडक्लार्क शोधा, ज्यांना दिल्लीत बडे बाबू म्हणतात. कुठल्या सालात शाखांचे क्रमांक बदलले, कुठल्या पुरात तळघर भरलं, ‘मिसलेनियस’ लिहिलेल्या बस्त्यात खरं काय बांधलंय हे त्यांनाच माहीत असतं. त्यांच्याकडे चहाला जा, वही घेऊन, ‘बाबूजी, तुम्ही सांगा, मी लिहितो’ म्हणा. मला जे काही येतं त्यातलं निम्मं अशा दोन माणसांकडून आलंय, डिप्लोमात शिकवणारे सर चांगलेच होते पण दलाची फाईल दलातल्या माणसासारखी कुणी वाचू शकत नाही. अभिलेखागारातही एक माणूस धरा जो फोन उचलतो, आणि त्याला फक्त काम अडल्यावरच फोन करू नका.

राज्य पोलिसांत असाल तर तुमचा कायदा महाराष्ट्राचा 2005 चा, आणि वर्गवारी अ, ब, क, क-1, ड. तिथं मोडीतले आणि मराठवाड्यात उर्दूतले कागद निघतील, वाचणारा माणूस आधी जोडा. आणि एक गोष्ट फार जपून. 1871 पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलिसांनी पारधी आणि इतर कितीतरी जमातींच्या अख्ख्या कुटुंबांची नावं रजिस्टरात चढवली, माणसं जन्मानेच गुन्हेगार धरली, तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला पण अशी रजिस्टरं हाती लागू शकतात. ती नष्ट होऊ देऊ नका, काय केलं गेलं त्याचा तोच पुरावा आहे. आणि नावांसकट इंटरनेटवरही टाकू नका, त्या नावांची नातवंडं आज त्याच गावात राहतायत आणि आजही त्यांच्या दारात पोलीस आधी जातात. संशोधकाला खोलीत बसून वाचू द्या, कुटुंबातला माणूस आला तर त्याच्या आजोबांचं पान त्याला दाखवा.

नाउमेद व्हाल तेव्हा घरच्यांची पत्रं वाचा. आमच्याकडे येतात ती, बहुतेक साध्या वहीच्या कागदावर: आजोबा दलात होते, नंबर अर्धा आठवतो, कुठली बटालियन ते सांगाल का. 27 जुलै 1939 ला नीमचला क्राऊन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस म्हणून उभ्या राहिलेल्या दलाचं 1949 मध्ये सीआरपीएफ झालं, 21 ऑक्टोबर 1959 ला लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला दहा जवान गेले आणि तो दिवस आज देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात, हे पुस्तकात मिळतं. कामठीत जन्मलेले रुस्तमजी 1965 मध्ये बीएसएफचे पहिले प्रमुख झाले हेही मिळतं. पण साताऱ्याच्या एका शिपायाचं नाव कुठल्या नॉमिनल रोलमध्ये (जवानांच्या नावांच्या यादीत) आहे ते फक्त तुमच्या रॅकवर आहे. असं उत्तर शोधून पाठवता आलं की महिनाभराची ढकलाढकली सहन होते, हे मी अगदी मनापासून सांगतो.

शेवटी कामाचं. साहेबांची बदली आली की त्याच आठवड्यात हँडओव्हर नोट तुम्ही स्वतः टाईप करून सहीला ठेवा, त्यात डाऊनग्रेडिंगच्या ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख, दुसऱ्या एजन्सींकडे अडकलेल्या याद्या, अभिलेखागाराकडे ठरलेली पुढची बैठक, आणि रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या कुणाकडे, एवढं असायलाच हवं. नवीन साहेब आले की ती नोट आणि कलम 6 ची एक प्रत, पहिल्याच भेटीत, दहा मिनिटं मागून घ्या.