प्रागैतिहासिक माशांची मॉडेलं जमवताय? या चुका टाळा

"मासा चिकट झालाय, काय लावू?" नवीन मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. काही लावू नका. ठेवला कुठे होता ते आधी सांगा.

बऱ्याचदा उत्तर एकच: थर्मोकोलमध्ये. ही मॉडेलं बहुधा मऊ पीव्हीसीची. मऊपणासाठी त्यात घातलेलं तेलकट द्रव्य हळूहळू झिरपतं आणि थर्मोकोल विरघळवतं. घर बदलताना मी माझा झिफॅक्टिनस (एक मोठा शिकारी मासा) थर्मोकोलच्या खोक्यात घट्ट बसवला, चिकटपट्टी मारली आणि दोन उन्हाळे माळ्यावर विसरलो. काढला तेव्हा खोक्यात पोटाचा साचा उमटला होता आणि खवल्याखवल्यात पांढरे दाणे रुतले होते. तीन रविवार कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश. दाणे निघाले, सोबत चंदेरी रंगही गेला. अमेरिकेत कॅन्ससला अख्खा गिलिकस मासा पोटात घेऊन मेलेल्या झिफॅक्टिनसचा जीवाश्म आहे. माझा थर्मोकोल खाऊन गेला.

आता मी जुन्या सुती धोतराचे तुकडे गुंडाळतो. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. आणि चिकटपणा काढायला नेलपॉलिश रिमूव्हर तर त्याहून नको.

माशाचा पर वाकडा झालाय? पाणी उकळून गॅसवरून उतरवा, पर मिनिटभर बुडवा, सरळ करा आणि तसाच धरून गार पाण्यात घाला. गार पाणी टाळलंत तर तो पुन्हा वाकतो. लायटर घेऊन बसणाऱ्यांशी मी बोलत नाही.

दुसरं दुखणं डंक्लिओस्टियस या चिलखती माशाच्या मापाचं. जीवाश्मात टिकतं ते मुख्यतः डोक्या-छातीचं हाडाचं चिलखत, मागचा भाग अंदाजाने जोडायचा. म्हणून जुन्या माहितीत तो आठ-दहा मीटरचा असे. २०२३ मध्ये संशोधक रसेल एंगलमन यांनी डोक्याच्या मापावरून हिशेब मांडला आणि तो साडेतीन ते चार मीटरवर आला. म्हणजे २० सेंटिमीटरचं मॉडेल १:४० नाही, १:२० धरायचं. शेजारी माणूस सव्वाचार नव्हे, साडेआठ सेंटिमीटरचा हवा. हे न पाहताच शोकेस मांडणारे मग विचारतात, 'मासा एवढा राक्षसी का दिसतो?'

त्याला डायनासोरांच्या कप्प्यातही बसवू नका. त्यांच्या दहा कोटींहून जास्त वर्षं आधी तो संपला होता. आणि ब्रशने जबड्यावर पांढरे दात काढणं थांबवा. त्याला दात नव्हतेच, जबड्याच्या हाडाचीच धारदार पाती होती.