पब्लिक सर्व्हर फायरवॉलमागे कसा बसवायचा

भोसरीचं वर्कशॉप असो की कोथरूडचं छोटं ऑफिस, आधी राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (इंटरनेटकडच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कनेक्शन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या सर्व्हरकडे वळवणं) कितीही नीट केलं तरी बाहेरून कुणी पोचणार नाही. कंपनीकडून स्टॅटिक (न बदलणारा) पब्लिक आयपी मागून घ्या. वॅनवर १९२.१६८ दिसत असेल तर फायबरवाल्याचा डबा ब्रिज मोडला (पब्लिक आयपी थेट तुमच्या राउटरला देणाऱ्या मोडला) टाकायला सांगा.

फायरवॉलला तीन पाय (जोडण्या) हवेत: इंटरनेट, ऑफिसचं लॅन (१९२.१६८.१०.०/२४) आणि सर्व्हरचं डीएमझेड, म्हणजे बाहेरून पोचता येणारं वेगळं नेटवर्क (१९२.१६८.२०.०/२४). पोर्ट कमी पडले तर मॅनेज्ड स्विचवर वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) काढा. टॅलीचं मशीन आणि वेब सर्व्हर एकाच नेटवर्कात ठेवले, तर त्यांच्यातला ट्रॅफिक फायरवॉलकडे येतच नाही. साइट फुटली की हल्लेखोर थेट हिशेबाच्या मशीनसमोर उभा.

नियमांची सुरुवात 'सगळं बंद'पासून. बाहेरून सर्व्हरकडे फक्त टीसीपी पोर्ट ८० (एचटीटीपी) आणि ४४३ (एचटीटीपीएस). ८० बंद ठेवलंत, तर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या सेवेची एचटीटीपी तपासणी अडते आणि सर्टिफिकेट रिन्यू होत नाही. एसएसएच (दुरून सर्व्हर चालवायचा मार्ग) फक्त ॲडमिनच्या मशीनवरून. घरून काम करायचं तर वायरगार्ड व्हीपीएन लावा, यूडीपी पोर्ट ५१८२०. सर्व्हरला बाहेर जायला डीएनएस, एनटीपी (घड्याळ जुळवणं), अपडेट आणि सर्टिफिकेटसाठी लेट्स एन्क्रिप्टकडे ४४३, एवढंच पुरतं.

डीएमझेडकडून लॅनकडे मात्र काहीही सुरू करता येता कामा नये. लॅनमधून मागितलेल्याचं उत्तर स्टेटफुल (चालू जोडण्या लक्षात ठेवणारा) फायरवॉल आपोआप सोडतो, उलटा नियम लागत नाही. बॅकअप चालेना म्हणून इथे 'एनी' (सगळ्याला परवानगी) उघडलं जातं आणि सगळी मेहनत वाया जाते. बॅकअप सर्व्हरने ढकलायचा नाही, लॅनमधल्या मशीनने ओढून घ्यायचा.

डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर सावध राहा. पब्लिश केलेल्या पोर्टसाठी तो स्वतःचे आयपीटेबल्स (लिनक्समधल्या फायरवॉलचे) नियम घालतो, यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या सोप्या फायरवॉलने अडवलेलं पोर्टही उघडं राहतं. डेटाबेस १२७.०.०.१ (फक्त त्याच मशीनपुरत्या पत्त्या) वरच बांधा.

चाचणी मोबाइल डेटावरून घ्या. ऑफिसच्या वायफायवर साइट उघडत नसेल तर बहुधा हेअरपिन नॅटची (आतून पब्लिक पत्त्याने परत आत येण्याची) अडचण. आतल्या डीएनएसमध्ये डोमेनसमोर १९२.१६८.२०.१० असा सर्व्हरचा आतला पत्ता द्या आणि लॅनमधून त्याचं ४४३ उघडा. आयपीव्ही६ चालू असेल तर त्याचे नियम वेगळे लिहा, तिथे आतले पत्ते लपवणारा नॅटचा आडोसा नसतो. शेवटी फायरवॉल एकदा बंद करून चालू करा आणि नियम टिकलेत का ते बघा. सेव्ह न केलेले नियम लाइट गेली की पुसले जातात.