जुनाट दाह आणि रोजचं ताट: माझ्या वहीतून

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला कायमचा दाह. निदान झालं तेव्हा मी २९ वर्षांची होते, आता ४३ ची आहे. या आजाराला आठेक वर्षं झाली की आतड्यात कर्करोगाची सुरुवात तर होत नाही ना, हे पाहायला ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी, म्हणजे नळीच्या कॅमेऱ्याने मोठ्या आतड्याची आतून तपासणी करतात. माझ्या चार झाल्या. ‘जुनाट दाहातून कर्करोग होऊ शकतो’ हे वाक्य दर दोन वर्षांनी माझ्याकडे तारीख घेऊन येतं.

या काळात ओळखीच्या माणसांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, ‘मग खायचं काय?’ त्याचं उत्तर मी खाण्याच्या आणि पोटाच्या रोजच्या नोंदींच्या माझ्या वहीच्या आधारे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, बंद करणं, बदलणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. हे मी का बजावते आहे ते पुढे येईलच.

आधी दाह म्हणजे काय ते समजून घ्या

छातीतली जळजळ किंवा अंगातली ‘उष्णता’ म्हणजे हा दाह नव्हे. बोट कापलं की जागा लाल होते, सुजते, गरम लागते, दुखते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात, जंतू मारतात, जखम भरते आणि परत जातात. हा चांगला दाह, तो नसता तर आपण जगलोच नसतो. जुनाट दाहात या पेशी परत जातच नाहीत. जंतू मारण्यासाठीची त्यांची रसायनं आपल्याच पेशींच्या डीएनएला इजा करत राहतात आणि त्याच वेळी ‘जखम भरा, विभाजन करा’ असे संदेशही सुटत राहतात. बिघडलेला डीएनए आणि न थांबणारं पेशीविभाजन एकाच जागी वर्षानुवर्षं राहिलं, तर त्यातून गाठ का उगवू शकते, ते लक्षात येतं.

रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ मध्येच गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहून दाह आणि कर्करोग यांचं नातं मांडलं होतं. १९८६ मध्ये हॅरल्ड ड्व्होरॅक यांनी गाठींना ‘न भरून येणाऱ्या जखमा’ म्हटलं. माझ्या आतड्याचे फोटो पडद्यावर पाहताना मला ते शब्द आठवतात.

ताटाला हात लावण्याआधी कारण शोधा

या पायरीवर लोक सर्वांत कमी वेळ देतात, म्हणून मी ती आधी ठेवली आहे. काही दाहांना नेमकं कारण असतं आणि त्यावर नेमका उपचार असतो. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू घ्या. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो जठराच्या दाहाचं आणि अल्सरचं कारण असल्याचं दाखवलं, त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं. तो कुठल्याही फळाने किंवा काढ्याने जात नाही, त्याला अँटिबायोटिक्सच लागतात. हिपॅटायटिस बी आणि सी यकृताला असाच वर्षानुवर्षं दाह देतात. बी ला लस आहे, सी औषधांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. वर्षानुवर्षं आम्ल घशाशी येत असेल तर अन्ननलिकेचं अस्तर बदलू शकतं, ते तपासून घ्यावं लागतं. आणि तंबाखू सुरू ठेवून दाह कमी करणारा आहार शोधत असाल, तर कृपा करून आधी तंबाखू सोडण्यासाठी मदत घ्या.

रक्तातली एचएस-सीआरपी, म्हणजे दाह असताना वाढणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी अनेकजण स्वतःहून करतात. साधारणपणे लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, अशी ती हृदयविकाराच्या संदर्भात वाचतात. १० च्या वर गेली तर बहुधा एखादा संसर्ग किंवा दुखापत चालू असते, ती ओसरल्यावर पुन्हा करायची. दाह शरीरात कुठे आहे, हे ही तपासणी सांगत नाही. कर्करोग आहे की नाही, हे तर नाहीच नाही. तिच्या आकड्यावरून घाबरू नका, आणि निर्धास्तही होऊ नका.

आता माझी चूक. निदानानंतर तिसऱ्या वर्षी मी ‘आहारानेच बरं करायचं’ असं ठरवून मेसालामाइनच्या, म्हणजे आतड्याचा दाह आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाच्या गोळ्या चार महिने परस्पर बंद केल्या. ताट अगदी आदर्श होतं. पाचव्या महिन्यात दिवसाला बारा वेळा रक्तासकट शौचाला होऊ लागलं आणि शेवटी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घ्यावं लागलं. माझ्या आजारात आतड्याचा दाह औषधांनी आटोक्यात राहणं, हाच कर्करोगापासूनचा मोठा बचाव आहे. आहार त्याच्या सोबतीने चालतो.

मग ताट: सुरुवात तंतूंपासून

एकच गोष्ट बदलायची ताकद असेल, तर तंतुमय पदार्थ वाढवा. तंतू आपल्याला पचत नाहीत, ते थेट मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हेच मुख्य इंधन. अस्तर घट्ट ठेवायला आणि तिथला दाह शांत ठेवायला ते मदत करतं. शिवाय तंतूंमुळे शौच लवकर पुढे सरकतं, त्यामुळे घातक द्रव्यं अस्तराला कमी वेळ चिकटून राहतात.

जागतिक कर्करोग संशोधन निधीची शिफारस दिवसाला किमान ३० ग्रॅम तंतूंची आहे. मी पहिल्यांदा आठवडाभर मोजले तेव्हा सरासरी ११ भरली, आणि मी स्वतःला भाज्या खाणारी समजत होते! तुम्हीही आठवडाभर फक्त मोजा, काही बदलू नका. ढोबळ आकडे असे धरा: १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरात ८ ग्रॅमच्या आसपास, तेवढ्याच शिजवलेल्या हरभऱ्यात ७, सालासकट मध्यम सफरचंदात ४, ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये ४, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम बदामांत साडेतीन, १०० ग्रॅम शिजवलेल्या भाजीत दोन ते तीन.

म्हणजे सकाळी ओट्स, मधल्या वेळी सफरचंद आणि बदाम, दिवसभरात दीड वाटी घट्ट डाळ किंवा कडधान्य आणि दोन भरपूर वाढण्या भाजीच्या, एवढ्यात आपण ३० च्या जवळ पोचतो. यात महागडं किंवा दुर्मीळ काहीच नाही. डाळी आणि कडधान्यं यांच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा स्रोत मला तरी दुसरा सापडलेला नाही.

वाढवायचे ते हळूहळू. एकदम दुप्पट केले तर पोट फुगतं, कळा येतात, आणि माणूस ‘मला नाही मानवत’ म्हणून आठवड्यात सोडून देतो. मी दर पंधरा दिवसांनी ५ ग्रॅम वाढवले, सोबत पाणीही वाढवलं. ३० वर पोचायला दोन महिने लागले.

ज्यांना माझ्यासारखा आतड्याचा आजार आहे, त्यांच्यासाठी वेगळी सूचना. आजार उफाळलेला असताना हे सगळं उलट फिरवावं लागतं. त्या दिवसांत मी भाज्या सोलून, बिया काढून, मऊ शिजवून खाते, कच्चं काही नाही, अख्खी कडधान्यं नाहीत. बरं वाटू लागल्यावर पुन्हा पंधरा दिवसांच्या हिशोबाने चढते. आतडं कुठे अरुंद झालं असेल, तर तंतू किती घ्यायचे हे डॉक्टरांनाच विचारा.

काय कमी करायचं

प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम, सलामी. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात घातलं: रोज ५० ग्रॅम खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा नीट वाचायला शिका. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. समजा शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात हा आजार होणार होता, तर ते पाचाचे जवळपास सहा होतात. तंबाखूही त्याच गटात आहे, याचा अर्थ दोन्हींबद्दलचा पुरावा तितकाच पक्का आहे, एवढाच. धोका तंबाखूचाच कितीतरी मोठा. मी प्रक्रिया केलेलं मांस पूर्ण सोडलं, कारण माझा मूळ धोकाच जास्त आहे. तांबडं मांस खात असाल तर शिजवल्यानंतरच्या वजनाने आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा आणि काळं होईपर्यंत भाजू नका.

दारूबद्दल थोडक्यात: शरीरात तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते डीएनएला इजा करतं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्तन, एवढ्या ठिकाणच्या कर्करोगांशी तिचा संबंध सिद्ध आहे. ‘एवढी चालते’ अशी सुरक्षित मात्रा नाही.

गोड पेयं. साखर कर्करोगाला ‘खाऊ घालते’ असं सरसकट सांगतात, त्यात अर्धवट समज आहे. ग्लुकोज सगळ्याच पेशी वापरतात, आणि ताटातली साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही. साखरेची वाट वजनातून आणि इन्सुलिनमधून जाते. आणि वजनाचा दाहाशी थेट संबंध आहे: पोटाभोवतीच्या चरबीत रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडतात आणि तिथून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात जात राहतात. पाळी थांबल्यानंतर हीच चरबी इस्ट्रोजेनही बनवते. २०१६ च्या आढाव्यात शरीरातल्या जास्त चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी पुरेशा पुराव्यानिशी आढळला. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवायचा, एवढं माप लक्षात ठेवा. प्रेडनिसोलोनमुळे माझं वजन ९ किलोंनी वाढलं होतं आणि ते उतरवायला मला दीड वर्ष लागलं. त्यात गोड पेयं बंद करणं आणि रोज चाळीस मिनिटं चालणं याशिवाय मी वेगळं काही केलं नाही.

डब्यातल्या गोळ्या

दाह कमी करणारी म्हणून विकली जाणारी कॅप्सूल घेण्याआधी दोन जुन्या अनुभवांकडे बघा. बीटा-कॅरोटीनयुक्त भाज्या खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं दिसलं, म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत काहींना त्याच्या गोळ्या दिल्या. १९९४ मध्ये निकाल आला: गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. २०११ मध्ये ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त दिसला. भाजीत जे चांगलं असतं, ते गोळीत उतरेलच असं नाही.

मीही सात महिने हळदीच्या अर्काची कॅप्सूल घेतली, शोषण वाढवण्यासाठी त्यात मिरीचा अर्क होता. नेहमीच्या रक्ततपासणीत एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम, वरच्या मर्यादेच्या तिप्पट आलं. डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवायला सांगितली, दोन महिन्यांत आकडा पूर्ववत झाला. स्वयंपाकातली हळद मी आजही घालते. तुम्ही काहीही घेत असाल, अगदी ‘नैसर्गिक’ असलं तरी, ते डॉक्टरांना सांगा.

दाह औषधाने दाबला तर कर्करोग कमी होतो का? २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या दाह दाबणाऱ्या औषधाच्या हृदयविकाराच्या चाचणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण खरंच कमी दिसलं. पण जीवघेणे संसर्गही वाढले. दाह पुसून टाकायचा नसतो, हे मला तिथे कळलं. म्हणून दाह कमी करणारं ॲस्पिरिनही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या लिंच सिंड्रोमसारख्या आनुवंशिक आजारात डॉक्टर ते विचारपूर्वक देतात, पण २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत निरोगी वृद्धांना त्याचा फायदा झाला नाही.

वही कशी ठेवायची

चार रकाने पुरतात: तंतूंचे ग्रॅम, चालण्याची मिनिटं, झोपेचे तास, पोट कसं होतं. रोज दोन मिनिटं. आठवड्याच्या शेवटी फक्त एक गोष्ट निवडायची आणि पुढच्या आठवड्यात तेवढीच बदलायची. चुकलेले दिवस खाडाखोड न करता तसेच ठेवायचे, पुढे डॉक्टरांना तेच जास्त उपयोगी पडतात.

पहिल्या पानावर मी घरातल्यांचे आजार लिहिले आहेत, कुणाला कुठला कर्करोग कितव्या वर्षी झाला तेही. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तुमची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू व्हायला हवी, आणि ते कुठलंही ताट सांगणार नाही.

उपचारासाठी जाते तिथे एक ताई माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या. आयुष्यभर मोजून-मापून खाल्लेलं, तरी स्तनाचा कर्करोग. ‘माझं काय चुकलं खाण्यात?’ असं त्यांनी मला दोनदा विचारलं. काहीही चुकलं नव्हतं. ताट शक्यता थोडी इकडे-तिकडे सरकवतं, एवढंच त्याच्या हातात आहे. आजारी माणसाला आहाराचा सल्ला देताना हे आधी मनात आणा.

माझी पाचवी कोलोनोस्कोपी पुढच्या वर्षी आहे. तारीख वहीत लिहिली आहे, खाली डॉक्टरांची सूचना: आधीचे तीन दिवस तंतू कमी, बिया, साली आणि कडधान्यं बंद, आदल्या दिवशी फक्त पातळ, आरपार दिसणारे पदार्थ. त्या तीन दिवसांचा तंतूंचा रकाना मी आताच रेघ मारून रिकामा ठेवला आहे.