लाल शाईच्या नोंदींवरून फौजेतून काढलं? दाद अशी मागा

"चार रेड इंक एंट्री झाल्या की डिस्चार्ज ठरलेलाच." सातारा-सांगलीकडच्या फौजी घरांत हे वाक्य मी सारखं ऐकतो, आणि ते साफ खोटं आहे. रेड इंक एंट्री म्हणजे जवानाच्या शिक्षेची लाल शाईने झालेली नोंद, आणि डिस्चार्ज म्हणजे फौजेतून काढून घरी पाठवणं. पेन्शनला वर्ष-दोन वर्षं उरली असताना घरी पाठवलेले जवान त्यावर विश्वास ठेवून गप्प बसतात. १५ वर्षं भरली नाहीत म्हणून पेन्शन नाही, आणि गावात तोंड दाखवायची लाज. मी रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांची सेवेची कागदपत्रं ठेवणाऱ्या कार्यालयात, क्लार्क होतो, निवृत्तीनंतर अशांचे अर्ज लिहून देतो. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी डिस्चार्ज बुकात, म्हणजे घरी पाठवताना मिळालेल्या पुस्तिकेत, कोणता नियम लिहिलाय ते पाहा. आर्मी रूल १३ खाली 'सेवेची गरज उरली नाही' अशा कारणाने काढलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. कोर्ट मार्शलने डिसमिस झाला असाल तर रस्ता वेगळा. त्या अपिलाची मुदत ९० दिवसांची असते, वकील आजच गाठा.

आता कागद मिळवायचे. सगळी केस इथेच जिंकली किंवा हरली जाते, आणि मलाही सुरुवातीला सर्वांत जास्त झगडावं लागलं ते इथेच. माहिती अधिकाराचा अर्ज आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या माहिती अधिकाऱ्याला करा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. फी १० रुपये. 'मला का काढलं?' असा प्रश्न अर्जात कधीही विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागदांची नावं घालून प्रती मागा: शीट रोल (सेवेची नोंद), कंडक्ट शीट (शिक्षांची नोंद), शो कॉज म्हणजे 'कारणे दाखवा' नोटीस आणि तुम्ही दिलेलं उत्तर, डिस्चार्जआधीच्या प्राथमिक चौकशीचा अहवाल, कमांडिंग ऑफिसरची शिफारस, आणि ब्रिगेड किंवा सब एरिया कमांडरचा मंजुरीचा आदेश.

चौकशीचा अहवाल एवढा महत्त्वाचा का? आर्मी हेडक्वार्टरचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र आहे. डिस्चार्जआधी निःपक्ष चौकशी करा, असं ते सांगतं. चार रेड इंक एंट्रींनंतर डिस्चार्ज बंधनकारक नाही. प्रत्येक गुन्ह्याचं स्वरूप, झालेली नोकरी, खडतर ठिकाणच्या पोस्टिंग बघा आणि पेन्शन जवळ आलेल्या जवानाशी कठोर वागू नका, हेही त्यातच आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच डिस्चार्ज झालेल्या वीरेंद्रकुमार दुबे यांच्या खटल्यात ही पद्धत पाळलीच पाहिजे असं ठरवलं आणि त्यांना पेन्शनपात्र सेवा पूर्ण झाल्याचं धरून पेन्शन दिली. मधल्या काळाचा पगार मात्र दिला नाही.

म्हणून माहिती अधिकारात 'असा अहवाल अभिलेखात नाही' असं उत्तर आलं तर नाराज होऊ नका. ते उत्तरच तुमच्या हातातला सर्वांत भक्कम कागद आहे. 'नष्ट केला' असं उत्तर आलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा नष्ट केल्याची नोंद मागा. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळे जुन्या लोकांनी एक दिवसही घालवू नये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा.

मात्र 'चौकशी झाली नाही' एवढ्यावर विसंबू नका. २०१९ च्या सतगुर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिस्चार्ज कायम ठेवला. सात वेळा गैरहजेरी होती आणि शो कॉजच्या उत्तरात तिचं कारणच दिलेलं नव्हतं. तेव्हा एक तक्ता करा आणि त्यात प्रत्येक एंट्रीपुढे तारीख, कलम, शिक्षा, त्या वेळची पोस्टिंग आणि कारण लिहा. सुट्टीवरून उशिरा हजर झालात तर का? आईच्या ऑपरेशनचे दवाखान्याचे कागद, वडिलांचा मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा पुराचा पंचनामा, जे असेल ते जोडा. कारण नसेल तर रचू नका. एक खोटी नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

हा तक्ता जोडून लष्करप्रमुखांच्या नावे निवेदन रेकॉर्ड ऑफिसमार्फत पाठवा, स्पीड पोस्टाने. दोन पानं पुरे. सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचा राग, गटबाजी, 'मी देशासाठी रक्त सांडलं' यातलं काही लिहू नका. आमदाराचं शिफारसपत्रही जोडू नका, त्याचा काडीचा उपयोग नसतो.

सहा महिन्यांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला, की सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. डिस्चार्ज झालेल्याला राहत्या पत्त्याप्रमाणे खंडपीठ निवडता येतं. महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबईचं आहे. बाजू स्वतःही मांडता येते. अंतिम आदेशानंतर मुदत सहा महिन्यांची. 'पेन्शनच्या दाव्याला मुदत लागत नाही' असं सांगणारे एजंट फार आहेत, त्यांच्या नादी लागू नका. इथे आधी डिस्चार्जचा आदेश रद्द व्हायला हवा, आणि त्याला मुदत लागते. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज करा आणि उशिराची कारणं तारखांसह लिहा.

मागणी लिहिताना नोकरीवर परत घेण्याचा हट्ट धरू नका. पेन्शनला लागणाऱ्या तारखेपर्यंत सेवेत होतो असं धरावं आणि पेन्शन सुरू करावी, एवढंच ठामपणे मागा. निकाल तुमच्या बाजूने लागला की त्याची प्रमाणित प्रत लगेच रेकॉर्ड ऑफिसला पाठवून पोच घ्या, आणि आदेशातल्या मुदतीत पेन्शन सुरू झाली नाही तर त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज करा.