टँकमधली गोगलगाय: आधी शंखाचा काठ बघा

गोगलगाय आणायची म्हटलं की मला बहुतेक जण एकच विचारतात, "काच साफ ठेवायला किती लागतील?" माझं उत्तर ऐकून त्यांचा विरस होतो. गोगलगाय शेवाळ खाते हे खरं, पण खाल्लेलं टँकमध्येच राहतं, लेंड्या होऊन वाळूवर पडतं. त्यातून सुटणारं नायट्रेट पाण्यातच साठतं. म्हणजे दर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदलणं आणि वाळू सायफन करणं सुटत नाहीच. मिस्टरी स्नेलसारखी मोठी जात असली तर काम थोडं वाढतंच. बघायला आवडत असेल तर जरूर पाळा. मोलकरीण म्हणून आणायची असेल तर त्यापेक्षा काच घासायचं चुंबक घ्या.

पाळायचं ठरलं की एक सवय लावून घ्या: आठवड्यातून एकदा भिंगातून शंखाचा काठ बघायचा. शंख वाढतो तो तोंडाकडच्या कडेनं. टोक म्हणजे तिचं बालपण, काठ म्हणजे गेला महिना. टोकाशी पांढरट खड्डे दिसले तर ते तुमच्याकडे येण्यापूर्वीचे असू शकतात, आणि ते भरून येत नाहीत, त्यांचा फार विचार करू नका. काठाची नवी पट्टी मात्र तुमच्याच पाण्यात तयार झालेली असते. ती सलग, गुळगुळीत आणि जुन्या रंगाला मिळतीजुळती असेल तर पाणी तिला मानवलंय. कागदासारखी पातळ, कडेला तुकडे उडालेली असेल तर कॅल्शियम कमी पडतंय. नवी पट्टी आणि जुना शंख यांच्यामध्ये ठसठशीत आडवी रेघ दिसली तर मध्ये वाढ अडखळली होती. नव्या टँकमध्ये आल्यावर अशी एक रेघ बऱ्याचदा उमटते, ती चालते. रेघांमागून रेघा दिसायला लागल्या तर पाण्यात सतत काहीतरी वरखाली होतंय.

पाणी

शंख जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, खडूसारखाच, आणि आम्लात विरघळतो. वरून एक पातळ तपकिरी आवरण असतं ते त्याला वाचवतं, पण ते कुठे खरवडलं गेलं आणि पाणी आम्लधर्मी असलं की तिथून झीज सुरू होते. म्हणून पीएच ७ च्या खाली नको. ७.२ ते ८ हा पट्टा उत्तम. एकूण कठीणपणा, म्हणजे टेस्ट किटवरचा जीएच, ८ च्या पुढे असावा आणि केएच, म्हणजे पीएच घसरू न देणाऱ्या कार्बोनेटचं प्रमाण, ४-५ तरी. पीपीएममध्ये मोजणाऱ्यांसाठी, जीएच ८ म्हणजे साधारण १४० पीपीएम.

ज्या पाण्यानं नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी गोगलगायींना बहुधा मानवतं. निव्वळ आरओच्या पाण्यात त्या ठेवू नका. त्यात शंखाला लागणारे क्षार जवळपास नसतात आणि पीएचही घसरत जातो. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर केएच जास्तच जपा, कारण वायू विरघळून पाणी आम्लाकडे झुकतं.

पाणी मृदू असेल तर समुद्रफेनाचा अंगठ्याएवढा तुकडा टाका. दोनतीन दिवस तो तरंगतो, मग भिजून तळाशी बसतो. गोगलगायी त्यावर चढून तो खरवडतातही. जाळीच्या पिशवीत ठेचलेलं प्रवाळ भरून फिल्टरमध्ये ठेवलं तरी चालतं. या दोन्हींची गंमत अशी की पाणी आम्लाकडे झुकलं की ते भराभर विरघळतात, आणि पीएच ८ च्या आसपास पोचला की जवळजवळ थांबतात, त्यामुळे प्रमाण चुकण्याची धास्ती कमी. सजावटीचा दगड निवडताना त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर तो दगड कॅल्शियम सोडणारा आहे.

तापमान २२ ते २७ अंश ठेवा. जास्त गरम पाण्यात त्या खातात जास्त, वाढतात भराभर आणि मरतातही लवकर. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं, म्हणजे टँक आधी सायकल झालेला, अमोनिया पचवणारे जीवाणू त्यात रुजलेले, हवा. क्लोरीन एक दिवस पाणी उघडं ठेवलं तर उडून जातं, क्लोरामाइन जात नाही, तेव्हा दोन्ही निकामी करणारा डीक्लोरिनेटर वापरलेला बरा.

कुठली गोगलगाय

पहिल्यांदाच पाळणाऱ्याला मी नेराइट सुचवते. दोन-अडीच सेंटिमीटरची, झेब्र्यासारखे पट्टे किंवा ठिपके असलेली, झाडांना हात न लावणारी. तिची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत. पिल्लांना मचूळ पाणी लागतं. म्हणजे संख्या वाढायची भीती नाही. बदल्यात लाकडावर आणि काचेवर तिळाएवढे पांढरे टणक ठिपके चिकटून राहतील. ते कार्डाच्या कडेनंसुद्धा चटकन निघत नाहीत. ज्याला त्याचा त्रास होतो त्यानं नेराइट घेऊ नये, कारण ठिपके थांबवायचा उपाय नाही. दुसरी गोष्ट, नेराइट टाकलेलं खाणं बऱ्याचदा तोंडात घेत नाही. तिला काचेवरचा हिरवा थरच लागतो. म्हणून माझ्या टँकची मागची काच मी घासत नाही. पाहुणे नाकं मुरडतात, मुरडू देत. चकाचक नव्या टँकमध्ये ती उपाशी मरते. टँक काही महिने जुना झाल्यावरच आणा, आणि वीसेक लिटरला एक पुरे.

मिस्टरी स्नेल ही दक्षिण अमेरिकेतली. सोनेरी, निळसर, जांभळट, हवी तशी मिळते आणि लिंबाएवढी होते. तिला कल्लाही असतो आणि फुप्फुसही. ती पृष्ठभागाजवळ येते, डाव्या बाजूनं एक लांब नळी बाहेर काढते, नळीचं तोंड पाण्याबाहेर टेकवते आणि अख्खं अंग भात्यासारखं आतबाहेर करत हवा भरून घेते. मग नळी गुंडाळते आणि हात सोडल्यासारखी सरळ तळाशी पडते. हे बघायला मी हातातलं काम टाकून उभी राहते. पण याचसाठी पाणी आणि झाकण यांच्यामध्ये सात-आठ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी लागते. आणि झाकण हवंच. मिस्टरी काय, नेराइट काय, रात्री फिरत फिरत बाहेर पडतात आणि सकाळी सोफ्याखाली सापडतात.

रॅम्सहॉर्नचा शंख चपटा, गुंडाळलेल्या पट्ट्यासारखा. बहुतेक गोगलगायींच्या रक्तात तांबं असलेलं हिमोसायनिन असतं; हिच्या रक्तात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे फिकट शंखाची असली की लालबुंद दिसते. ट्रम्पेट स्नेल दिवसा वाळूत गाडून घेते आणि वाळू मोकळी ठेवते. तिच्या माद्या नराशिवायच थेट पिल्लं देतात, तेव्हा एक आली की पुढचं समजून घ्या. मला ती आवडते, कारण ती पाण्याची चौकीदार आहे: भरदुपारी सगळ्या ट्रम्पेट काचेवर वर चढलेल्या दिसल्या तर आधी टेस्ट किट काढा. ब्लॅडर स्नेल कुणी विकत घेत नाही, ती झाडांसोबत येते. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं की तिचं तोंड डावीकडे येतं, बाकी बहुतेकांचं उजवीकडे. एवढी खूण पुरते.

ॲसासिन स्नेल दिसायला सुरेख, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची, संथ. ती इतर गोगलगायी खाते. गोगलगाय आणि पोटात पाय ही म्हण कुणासाठी केली असेल तर हिच्यासाठीच. शांत टँकमध्ये तिला जागा नाही.

तळ्यातून किंवा ओढ्यातून गोगलगाय उचलून आणू नका. काही जातींमधून माणसाला होणारे परजीवी पसरतात. विकतच्या असल्या तरी टँकमध्ये हात घातल्यावर साबणानं धुवायचेच.

निवडताना आणि सोडताना

काचेला घट्ट चिकटलेली, चालती असलेली निवडा. शिंगांना हात लावला की नेराइट किंवा मिस्टरी आत जाऊन दार लावून घेते. दार म्हणजे पायाच्या मागच्या बाजूची शिंगासारखी टणक चकती. दार लोंबत असेल किंवा अंग शंखाच्या आत आक्रसून पोकळी दिसत असेल तर घेऊ नका. काचेवरून काढताना सरळ ओढायची नाही, स्नायूला इजा होते. बाजूला सरकवत सरकवत काढा.

घरी आल्यावर पिशवी पंधरा मिनिटं टँकवर तरंगत ठेवून तापमान जुळवा. मग गोगलगाय भांड्यात काढून, टँकचं पाणी बारीक नळीतून थेंबथेंब तासभर त्यात पडू द्या. भांड्यातलं पाणी फेकून द्या, टँकमध्ये ओतू नका. आत सोडताना पायाची बाजू खाली करून ठेवा. नेराइट पाठीवर पडली तर काही वेळा तिला उलटता येत नाही. पहिला दिवसभर ती दार लावून बसली तर बसू दे. मिस्टरी तरंगतसुद्धा राहते, आत हवा असते म्हणून.

खाणं

रात्री काचेला डोळा लावून टॉर्च धरा. तोंड उघडतं, आतली बारीक दातांची पट्टी पुढे येते, काच खरवडते, मिटतं, आणि मान किंचित वळवून पुन्हा तेच. शेवाळावर तिच्या मागे नागमोडी रेघांची नक्षी उमटत जाते. नक्षी दिसतेय तोवर नेराइटला वेगळं काही द्यायला नको.

बाकीच्यांना माशांचं तळाशी बसणारं खाणं, शेवाळाच्या वड्या, आणि आठवड्यातून दोनदा उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ केलेली काकडीची चकती किंवा पालकाचं पान. चकती काट्याला टोचून बुडवा, नाहीतर तरंगते. रात्री टाकलेलं सकाळी काढा. मीठ, तेल, मसाला लागलेलं काही नको.

रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर अचानक शेकड्यांनी दिसायला लागल्या तर तुम्ही मासे भरपेट जेवू घालताय. उरलेल्या खाण्याचीच पिल्लं झालीत. औषध शोधण्याआधी खाणं निम्म्यावर आणा. रात्री काकडी टाकून पहाटे गोगलगायींसकट उचला. पंधरवड्यात फरक दिसतो.

सोबती आणि विष

गप्पी, टेट्रा, रासबोरा, कोरी, झिंगे, ओटो, यांच्याशी भांडण नाही. लोच आणि पफर गोगलगायी खातातच, बहुतेक सिक्लिडही सुखानं जगू देत नाहीत. फायटर माशाचा भरवसा नाही. काही ढुंकून बघत नाहीत, काही शिंगांना अळ्या समजून तोडतात. पहिले दोन दिवस लक्ष ठेवा. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा.

तांबं हे मोठं विष. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर किंवा परजीवींवर मिळणाऱ्या कित्येक औषधांत कॉपर सल्फेट असतं. डबीवरची बारीक अक्षरं वाचा, आणि आजारी माशाला वेगळ्या टँकमध्ये हलवून तिथेच औषध द्या. वाळू तांबं धरून ठेवू शकते, म्हणून पूर्वी असं औषध पडलेला जुना टँक गोगलगायींसाठी घेऊ नका. चपट्या कृमींवरचं फेनबेंडाझोलही नेराइटला घातक आहे.

मेली की झोपली

एका जागी दोन दिवस हलली नाही तर बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास असा असतो की दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. लगेच काढा, मोठी मिस्टरी लहान टँकमध्ये सडली तर एका रात्रीत अमोनिया चढतो. तशीही मिस्टरी वर्ष-दोन वर्षांपलीकडे सहसा जगत नाही.

मिस्टरीची मादी पाण्याच्या वर, काचेवर किंवा झाकणाखाली, गुलाबी अंड्यांचा घोस लावते. नराची भेट झाल्यावर कित्येक महिने ती फलित अंडी घालू शकते, त्यामुळे एकटीच आणली तरी घोस दिसेल. पिल्लं नको असतील तर घोस ताजा असतानाच हलक्या हातानं सोडवा, पिशवीत घालून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. हवी असतील तर जागचा हलवू नका. झाकणाखालची दमट हवा त्याला पुरते, बुडाला तर पिल्लं गुदमरतात. दोन ते चार आठवड्यांत ती फुटतात.

जास्त झालेल्या गोगलगायी पाळणाऱ्या दुसऱ्या कुणाला द्या, पण तळ्यात, नदीत, शेताच्या पाटात कधीही सोडू नका. मिस्टरीची चुलत बहीण गोल्डन ॲपल स्नेल १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली गेली, तिथून निसटली आणि आशियात भाताच्या कोवळ्या रोपांचा फडशा पाडत पसरली. टँकमधून काढलेल्या पाण्यातही डोळ्यांना सहज न दिसणारी पिल्लं आणि अंडी असू शकतात. ते पाणी ओढ्याकडे जाणाऱ्या गटारात ओतण्यापेक्षा घरातल्या कुंड्यांना घाला, झाडांनाही नायट्रेट मिळतं.