स्वयंसेवी संग्रहालयातील जुनी लष्करी जीप सुरू करण्यापूर्वी

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या लष्करी वाहनांच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी किंवा फोर्ड जीपीडब्ल्यू जीप दाखल झाली, की ती लगेच सुरू करून पाहण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा. या आठवड्यात काम करणारा माणूस पुढच्या आठवड्यात येईलच असे नसल्याने, हाती पाना घेण्यापूर्वी नोंदवही उघडावी आणि गाडी जशी आली तशी सर्व बाजूंनी, खालून आणि बॉनेट उघडून तिची छायाचित्रे घ्यावीत.

चासी व इंजिन यांचे क्रमांक लिहून घ्यावेत. चासीचा पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल असेल तर ती विलीजची, उलट्या ‘यू’ आकाराचा असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या पुष्कळ बोल्टांच्या माथ्यावर ‘एफ’ अक्षर उमटवले होते, त्यामुळे गंजलेला बोल्टही न पाहता भंगारात टाकू नये. लष्करी कार्यशाळांत दुरुस्ती करताना दोन्ही कंपन्यांचे सुटे भाग सर्रास एकमेकांच्या गाड्यांना बसवले जात. म्हणून अशी मिश्र जीप ‘शुद्ध’ करण्याचा आग्रह धरणे म्हणजे तिच्या सेवेचा इतिहास पुसणे होय, असे माझे ठाम मत आहे. रंगाचेही तसेच आहे. वाळूचा मारा करून पत्रा उघडा केला, तर नंतरच्या थरांखाली दडलेली तुकडीची चिन्हे कायमची जातात. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून लहानशा जागेत एकेक थर हलकेच उतरवावा.

ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. त्या काळच्या काही मीटरांच्या तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमयुक्त रंग असे; त्या उघडू किंवा खरवडू नयेत.

इंजिन 2.2 लिटरचे, चार सिलिंडरचे आहे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत ते थेट स्टार्टरने फिरवल्यास चिकटलेल्या पिस्टन रिंगा तुटण्याची भीती असते. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग गिअर न्यूट्रलमध्ये व इग्निशन बंद ठेवून पुढच्या हँडलने इंजिन सावकाश फिरवावे. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवावा, कारण इंजिनाने उलटा झटका दिल्यास अंगठा मोडतो. इंजिन मोकळे झाल्यावर तेल बदलावे आणि प्लग न बसवताच, तेलाच्या दाबाचा काटा हलेपर्यंत ते स्टार्टरने फिरवावे. प्लगचे अंतर 0.030 इंच, पॉइंटचे (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचे) 0.020 इंच आणि ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा ठेवावा. मूळ विद्युतव्यवस्था 6 व्होल्टची आहे. तिला 12 व्होल्टची बॅटरी जोडल्यास दिवे व मीटर जळतात.

पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते आणि तिच्यात हमखास गंज व चिकट गाळ साचलेला असतो. ती काढून स्वच्छ होईपर्यंत कार्ब्युरेटरला तिच्यातून पेट्रोल देऊ नये. पहिल्यांदा इंजिन सुरू करताना गाडी मोकळ्या हवेत, चाकांना अडण्या लावून उभी करावी आणि अग्निशामक घेतलेला एक माणूस शेजारी ठेवावा.

इंजिन चालू झाले म्हणजे गाडी रस्त्यावर नेण्यायोग्य झाली असे नाही. चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर (ब्रेकचे तेल दाबणाऱ्या मुख्य नळकांड्यावर) चालतात. एका चाकाचे रबर गळले तरी पायाखालचा सगळा ब्रेक जातो, म्हणून सर्व रबरे व नळ्या बदलूनच गाडी हलवावी. दोन भाग बोल्टांनी जोडलेल्या लष्करी रिमचे नट टायरमधील हवा पूर्णपणे काढल्याशिवाय कधीही सैल करू नयेत. दाबाने सुटलेली रिम जीव घेऊ शकते.

सुट्या भागांसाठी महाराष्ट्रातील वाचकांना एक सोय आहे. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे बरीच वर्षे त्याच घराण्यातील गाड्या बनवल्या, त्यामुळे हे इंजिन ओळखणारे जुने मिस्त्री अजूनही भेटतात. मात्र नवा भाग बसवल्यावर काढलेला मूळ भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.

इंग्लंडमधील बोव्हिंग्टनचे टँक म्युझियमही आपला टायगर 131 रणगाडा वर्षातून मोजक्याच दिवशी चालवते, कारण प्रत्येक फेरीत मूळ धातू झिजतो. जीपचेही वर्षाचे दिवस आधीच ठरवावेत आणि प्रत्येक वेळी इंजिन किती वेळ चालले, तेलाचा दाब किती होता व कुठे गळती दिसली, हे गाडी थंड होण्यापूर्वीच नोंदवहीत लिहावे.