रॅमचा वेग आणि टायमिंग: आधी स्थिर, मग फास्ट

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा आणि ‘मेमरी’वर क्लिक करा. तिथे रॅमचा स्पीड लिहिलेला दिसतो. खोक्यावर ३२०० छापलेलं असताना इथे २१३३ किंवा २४०० दिसत असेल, तर पूर्ण पैसे मोजून घेतलेली रॅम तुम्ही हळू चालवताय. दुकानातून असेंबल करून आणलेल्या पीसीत हे सर्रास दिसतं. विंडोज टाकली, ड्रायव्हर टाकले, पीसी सुरू झाला, की पुन्हा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डोकावण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही.

पुढची माहिती एक ठरावीक पीसी समोर ठेवून दिली आहे: बी४५० किंवा बी५५० मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा ५६००जी सीपीयू, आणि डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी; नवी ती डीडीआर५) ३२०० सीएल१६ च्या ८ जीबीच्या दोन स्टिक. सीएल म्हणजे काय ते पुढे येईलच. इंटेल आणि डीडीआर५ जिथे वेगळं वागतात तिथे ते सांगेनच. लॅपटॉपवाल्यांनी फार आशा धरू नये. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये हे पर्यायच नसतात. तिथे स्लॉट मोकळा असेल तर जोडीची दुसरी स्टिक टाकणं हाच मार्ग, आणि तो चांगला मार्ग आहे.

हात लावण्याआधी

महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या, बाहेरच्या डिस्कवर. चुकीच्या टायमिंगवरची रॅम दर वेळी निळा स्क्रीन दाखवून ओरडत नाही. कधी एखादाच बिट पलटतो, तो तसाच डिस्कवर सेव्ह होतो, आणि महिन्याभराने झिप उघडत नाही किंवा लग्नाच्या फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी दिसतो. तेव्हा दोष रॅमचा होता हे लक्षातही येत नाही.

बायोस जुना असेल तर आधी अपडेट करा. रायझनवर रॅम सांभाळण्याचं काम नव्या बायोसमध्ये पुष्कळ सुधारलेलं असतं. मात्र अपडेट चालू असताना लाइट जाता कामा नये. यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळून हे काम करा.

मग कॅबिनेट उघडून स्टिक कुठे बसल्यात ते बघा. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर दोन स्टिक सीपीयूपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. शेजारी शेजारी बसवल्या तर बहुतेक बोर्डांवर ड्युअल चॅनेल (रॅम आणि सीपीयूमधल्या दोन वाटा एकदम वापरणं) चालू होत नाही. ३२०० वर एक चॅनेल सेकंदाला २५.६ जीबी डेटा नेऊ शकतो, दोन चॅनेल ५१.२ जीबी. टायमिंगशी कितीही झटापट केली तरी एवढी मोठी उडी मिळणार नाही. ५६००जी वापरणाऱ्यांना तर हे लगेच जाणवतं, कारण त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

आकडे वाचायचे कसे

३२०० हा आकडा मेगाहर्ट्झ नव्हे. खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झवर चालतं आणि प्रत्येक ठोक्यात डेटा दोनदा जातो. त्यामुळे हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये १६०० दिसलं तर घाबरू नका.

१६-१८-१८-३८ ही टायमिंगं (क्रमाने सीएल, टीआरसीडी, टीआरपी, टीआरएएस) त्या ठोक्यांत मोजलेली असतात. रॅममध्ये डेटा ओळी आणि स्तंभांत असतो. ओळ उघडायला लागणारे ठोके म्हणजे टीआरसीडी, उघडलेल्या ओळीतून डेटा हातात यायला लागणारे ठोके म्हणजे सीएल, ओळ बंद करायला टीआरपी, आणि ओळ किमान किती वेळ उघडी ठेवायची ते टीआरएएस. ठोक्यांचे नॅनोसेकंद करायचे तर सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८ म्हणजे तेही १० च. ३६०० सीएल१६ म्हणजे ८.९. आणि स्वस्तात मिळणारी ३२०० सीएल२२ म्हणजे १३.७५. दुकानदार ‘दोन्ही ३२०० च आहेत’ म्हणतो तेव्हा हा हिशोब मनात करावा.

एक्सएमपी चालू करणं

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. एक्सएमपी नावाचा पर्याय शोधा. एएमडीच्या काही बोर्डांवर तोच डीओसीपी नावाने असतो, आणि डीडीआर५ च्या रायझन बोर्डांवर एक्स्पो. प्रोफाइल १ निवडा, एफ१० ने सेव्ह करा, रिस्टार्ट. कंपनीने स्टिकच्या चिपमध्ये लिहून ठेवलेला वेग, टायमिंगं आणि व्होल्टेज एका फटक्यात लागू होतात. डीडीआर४ मध्ये व्होल्टेज १.२ वरून बहुधा १.३५ होतं.

बहुतेकांनी इथे थांबून सरळ टेस्टकडे जावं. पुढचं सगळं आवड म्हणून आहे. ब्राउझर, एक्सेल आणि यूट्यूबसाठी पीसी वापरणाऱ्याला त्यातला काडीचाही फरक जाणवणार नाही. फरक दिसतो तो गेममधल्या किमान एफपीएसमध्ये (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेममध्ये), आतल्या ग्राफिक्सवर, आणि झिप-अनझिपसारख्या रॅमवर भार टाकणाऱ्या कामांत.

इंटेलचा एच६१० किंवा त्याच वर्गातला बोर्ड असेल तर सीपीयूच्या अधिकृत वेगापलीकडे रॅम जाणार नाही. त्यासाठी बी६६० सारखा बोर्ड लागतो.

टेस्ट

विंडोज सुरू झाली म्हणजे रॅम स्थिर, ही समजूत काढून टाका. विंडोज सुरू होणं ही फार सोपी परीक्षा आहे.

पहिली फेरी विंडोजच्या बाहेर करा. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून बूट करा आणि फुकट आवृत्तीतले चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. काम रात्री लावून झोपलेलं बरं. ही टेस्ट आधी करायचं कारण असं, की रॅम खरोखरच बिघडलेली असेल तर विंडोजच्या फायली सुरक्षित राहतात. यात पास झालात तर विंडोजमध्ये टेस्टमेम५ ही रॅमची टेस्ट चालवा. त्यासोबत अंटा७७७ नावाची तयार कॉन्फिग (सेटिंगची) फाइल मिळते, तीच वापरा. मूळ सेटिंगवर ही टेस्ट फारच मवाळ आहे. उजवं क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून सुरू करा, बाकी सगळं बंद ठेवा, आणि रॅमच्या आकाराप्रमाणे एक-दोन तास किंवा जास्तही जाऊ द्या.

एरर शून्य हवी. ‘दोन तासांत एकच आली, चालतंय’ असं लोक बिनदिक्कत म्हणतात. अजिबात चालत नाही. तीच एक एरर उद्या तुमच्या टॅलीच्या डेटात बसेल.

तिसरी फेरी लोक विसरतात: ग्राफिक्स कार्ड तापलेलं असताना घेतलेली टेस्ट. नुसत्या मेमरी टेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड गार असतं. गेम सुरू झाला की त्याची गरम हवा वर रॅमवर जाते आणि रात्रभर पास झालेली सेटिंग अर्ध्या तासात कोसळते. म्हणून शेवटी एखादा जड गेम किंवा ओसीसीटी या प्रोग्रॅममधली पॉवर टेस्ट तासभर चालवा. आणि हे जानेवारीत केलं असेल तर मे महिन्यात पुन्हा करा. नागपूर-अकोल्याकडे बाहेर ४५ अंश असताना बिनएसीच्या खोलीतलं कॅबिनेट काय होतं ते तिथल्यांना सांगायला नको. घट्ट, म्हणजे कमी आकड्यांच्या, टायमिंगवर चालवलेली काही रॅम, विशेषतः सॅमसंगच्या बी-डाय चिपची, ५० अंशांच्या आसपासच एरर द्यायला लागते. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमानाचा सेन्सर असतोच आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये आकडा दिसतो. डीडीआर४ मध्ये तो सगळ्या स्टिकवर नसतो.

वेग वाढवणं

एक्सएमपीवर तिन्ही फेऱ्या पास झाल्या, तरच पुढे. रायझन ५००० मध्ये रॅमचं घड्याळ आणि सीपीयूच्या आतला इन्फिनिटी फॅब्रिक (सीपीयूचे भाग जोडणारा मार्ग) एकाच वेगाने चालले पाहिजेत. ३६०० साठी रॅमचं घड्याळ १८००, म्हणून बायोसमध्ये एफसीएलके (फॅब्रिकचं घड्याळ) १८०० हाताने भरा. बहुतेक सीपीयू १८०० सहज घेतात. १९०० च्या पुढे जाऊ नका. दोघांची जोडी तुटली की लेटन्सी (डेटा यायला लागणारा वेळ) उलट वाढते आणि ४००० च्या रॅमवर ३६०० पेक्षा हळू पीसी मिळतो. इंटेलमध्ये ११व्या पिढीपासून असाच मामला गिअर १ (रॅम आणि मेमरी कंट्रोलर एकाच वेगाने) आणि गिअर २ (कंट्रोलर निम्म्या वेगाने) या नावाने आहे. डीडीआर४ वर गिअर १ मध्ये राहणंच बरं.

आता टायमिंगं मुद्दाम सैल करा: ३६०० वर १८-२२-२२-४२, व्होल्टेज १.३५, एसओसी व्होल्टेज (सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) १.१. सैल टायमिंगवर ३६०० टिकतं की नाही एवढंच आधी बघायचं. वेग आणि टायमिंग एकाच वेळी बदललं तर एरर कुणामुळे आली ते कळत नाही. टेस्ट पास झाली, तरी विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी आहेत का पाहा. असतील तर रॅमपेक्षा फॅब्रिकवर संशय घ्या आणि वेग एक पायरी खाली आणा. तुमची स्टिक ३६०० घेतच नसेल तर हट्ट सोडा. ३२०० वर घट्ट केलेली टायमिंगंही छान चालतात.

टायमिंग घट्ट करणं

एका वेळी एकच आकडा, प्रत्येक बदलानंतर छोटी टेस्ट. झेनटायमिंग्ज हे छोटं प्रोग्रॅम उघडून ठेवा, म्हणजे बायोसमध्ये भरलेलं खरंच लागू झालं का ते दिसतं. पुष्कळदा झालेलं नसतं. उदाहरणार्थ, गिअर डाउन मोड (बायोसमधली वेगळीच सेटिंग) चालू असताना तुम्ही सीएल १७ भरलं तर बोर्ड गुपचूप १८ करतो. म्हणून १८ वरून थेट १६ करून बघायचं. टीआरसीडी आणि टीआरपी २२ वरून २१, २० असे उतरवा. व्होल्टेज वाढवल्यावर सीएल खाली येतं; टीआरसीडी मात्र बऱ्याच चिपमध्ये व्होल्टेजला दाद देत नाही, तिथे अडला की अडला. टीआरसी (एक ओळ उघडल्यापासून पुढची उघडेपर्यंतचे ठोके) म्हणजे टीआरएएस अधिक टीआरपी, तेवढं भरा.

एवढ्यावर बरेच जण थांबतात, आणि खरी मलई तशीच राहते. ती टीआरएफसीत आहे. रॅमच्या प्रत्येक पेशीतला विद्युतभार गळत असतो, म्हणून ठरावीक वेळाने ती पुन्हा भरावी लागते. दर ६४ मिलिसेकंदांत सगळ्या पेशी एकदा भरायच्या असतात, आणि ते काम ८१९२ तुकड्यांत होतं, म्हणजे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक तुकडा. एक तुकडा भरायला लागणारा वेळ म्हणजे टीआरएफसी, आणि हे भरणं चालू असताना ती रॅम वाचता-लिहिता येत नाही. ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपसाठी प्रमाणित वेळ ३५० नॅनोसेकंद आहे, म्हणजे साडेचार टक्के वेळ रॅम नुसती थांबलेली. १६ गिगाबिटच्या चिपमध्ये हा वेळ ५५० नॅनोसेकंद, म्हणजे सात टक्के. बऱ्याच चिपना एवढा वेळ लागत नाही.

३६०० वर ३५० नॅनोसेकंद म्हणजे ६३० ठोके. तिथून ६१०, मग ५९०, ५७० असं वीस-वीसने उतरत जा. मायक्रॉनच्या चिप साधारण ३०० नॅनोसेकंदांच्या, म्हणजे ५४० च्या, आसपास अडतात. हायनिक्सच्या काही त्याहून खाली जातात. सॅमसंग बी-डाय तर १६० नॅनोसेकंदांपर्यंतही उतरते, म्हणून तर ओव्हरक्लॉकवाले (ठरलेल्या वेगापुढे पीसी चालवणारे) तिच्यासाठी जीव टाकतात. अडलेल्या जागेवरून दोन पायऱ्या मागे येऊन थांबा. इथे घाई नको: टीआरएफसी जास्तच कमी केला तर पेशी पुरत्या भरल्या जात नाहीत, आणि विंडोजच्या फायली बिघडण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता हाच.

व्होल्टेजचं म्हणाल, तर घरच्या पीसीत डीडीआर४ ला १.४ च्या वर देऊ नका. ‘ऑटो’वर भरवसा नको, काही बोर्ड ऑटोमध्ये एसओसी व्होल्टेज उगाच चढवून ठेवतात. रायझन ७००० च्या बाबतीत तर २०२३ मध्ये काही एक्स३डी सीपीयू जळाल्यावर एएमडीने बायोसमधूनच एसओसी व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. तुमचा एएम५ (रायझन ७००० बसणारा) बोर्ड त्याआधीच्या बायोसवर असेल तर आधी अपडेट करा, बाकी सगळं नंतर.

डीडीआर५ आणि एएम५ वर ६००० सीएल३० ची दोन स्टिकांची जोडी घेऊन एक्स्पो चालू केलं की बहुतेक काम झालं. चार स्टिक भरायचा मोह टाळा. रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना ५२०० आहे, चारला फक्त ३६००.

पीसी सुरूच झाला नाही तर

दोन-तीन मिनिटं थांबा. नवीन सेटिंगवर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग (तिच्याशी जुळवून घेण्याची तपासणी) करत असतो, आणि डीडीआर५ मध्ये काळा स्क्रीन त्याहून जास्त वेळही राहू शकतो. बरेच बोर्ड काही प्रयत्न करून आपणच जुन्या सेटिंगवर येतात. नाही आला तर पीसी बंद करा, प्लग काढा आणि बोर्डवरच्या क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर बोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढून पाच मिनिटांनी परत बसवा. रॅमला काही झालेलं नसतं, फक्त बायोसमधली सेटिंगं पुसली जातात.

म्हणूनच प्रत्येक पास झालेली सेटिंग बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून सेव्ह करा आणि त्या पानांचे मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. बायोस अपडेट केलं की हे प्रोफाइल बऱ्याच बोर्डांवर पुसलं जातं. तेव्हा फोटो बघून आकडे पुन्हा भरा, आणि रात्री मेमटेस्ट पुन्हा लावा, कारण नव्या बायोसमध्ये तेच आकडे तसेच टिकतील असं नसतं.